गाणं मिक्सिंगला पाठवताना

शाळेचं समूहगीत ऐकताना मुलांचे आवाज, पेटी, ढोलकी, खंजिरी असं सगळं आपल्याला एकदम ऐकू येतं. कानाच्या पडद्यापर्यंत पोचते ती मात्र एकच लहर. एका जागी, एका क्षणी हवेचा दाब एकच असणार. त्या दाबाचा आलेख काढला तर एकच वेडीवाकडी रेघ मिळेल. त्या रेघेतून आपला मेंदू पेटी वेगळी काढतो, ढोलकी वेगळी काढतो, अगदी मागच्या रांगेत बेसूर झालेला एखादा आवाजही ओळखतो. गेल्या काही वर्षांत संगणकही हे करू लागले आहेत, पण त्यांनी वेगळ्या काढलेल्या आवाजावर शेजारच्या आवाजांच्या खुणा राहतातच.

म्हणून गाण्याचं ध्वनिमुद्रण व्यवस्थित करायचं असेल तर आवाज मुळात एकत्र होऊच देत नाहीत. प्रत्येक वाद्यासमोर वेगळा माइक, प्रत्येक माइकची वेगळी फाइल. नंतर या फायली एकत्र आणायच्या, कुणाला पुढे घ्यायचं, कुणाला मागे ठेवायचं, कुणाचा खर्ज कमी करायचा हे ठरवायचं आणि शेवटी त्यांची बेरीज करायची. या कामाला मिक्सिंग म्हणतात. हे काम करणारा माणूस बहुतेक वेळा गाणं मुद्रित होताना तिथे नसतो. त्याच्या हाती पडतात त्या फक्त फायली. फायली कशा असाव्यात, हा या लेखाचा विषय.

आता शाळांमध्येही हे घडू लागलं आहे. शाळेतला संगणक, उसने आणलेले तीनचार माइक आणि एखादा हौशी माजी विद्यार्थी एवढ्यावर गीत मुद्रित होतं आणि मिक्सिंगसाठी शहरातल्या स्टुडिओकडे जातं. तिथे तासावर पैसे मोजावे लागतात. पण पैशापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. सातवीतल्या ज्या मुलाने मुखडा गायलेला असतो, त्याचा आवाज वर्षभरात फुटतो. दहावीतली ढोलकी वाजवणारी मुलगी शाळा सोडून जाते. फायलींमध्ये काही बिघडलं तर ते गाणं पुन्हा मुद्रित करता येईलच असं नाही.

आमटीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं, जास्त झालं तर काढता येत नाही. विज्ञानाच्या पुस्तकात परिवर्तनीय आणि अपरिवर्तनीय बदल असा धडा असतो, त्यातलीच ही गोष्ट. आवाजाच्या फाइलवर आपण जे जे करतो त्यातलं काही उलटवता येतं, काही येत नाही. फायली तयार करण्याचं बहुतेक शहाणपण एवढा फरक ओळखण्यात आहे.

चार पट्ट्यांची गोष्ट

याचं एक प्रसिद्ध उदाहरण लंडनमधलं आहे. १९६७ साली बीटल्स हा गट ॲबी रोडवरच्या स्टुडिओत आपली ध्वनिमुद्रिका तयार करत होता. तिथल्या यंत्राच्या फितीवर चारच पट्ट्या होत्या, म्हणजे एका वेळी चारच आवाज वेगळे ठेवता येत. चारही पट्ट्या भरल्या की त्यांचं मिश्रण करून ते दुसऱ्या यंत्राच्या एका पट्टीवर उतरवायचं आणि उरलेल्या पट्ट्यांवर पुढचं मुद्रण करायचं. जागा मिळे, पण किंमतही मोजावी लागे. ढोल आणि गिटार एकदा एका पट्टीवर आले की गिटार थोडी मोठी हवी होती असं नंतर वाटून काही उपयोग नसे.

‘अ डे इन द लाइफ’ या त्यांच्या गाण्यात ४० वादकांचा वाद्यवृंद हवा होता. १० फेब्रुवारी १९६७ रोजी तो मुद्रित झाला. पहिल्या फितीवर जागा नव्हती, म्हणून वाद्यवृंद दुसऱ्या फितीवर घेतला. आता दोन वेगळी यंत्रं एकाच वेगाने चालवायची कशी? केन टाउनसेंड या तंत्रज्ञाने युक्ती काढली. एका फितीवर सेकंदाला ५० कंपनांचा संकेत मुद्रित केला आणि तोच वाढवून दुसऱ्या यंत्राच्या मोटरला दिला. दोन्ही यंत्रांचा वेग जुळला. एक गोष्ट मात्र जुळेना. दोन्ही फिती नेमक्या एकाच क्षणी सुरू व्हायला हव्या होत्या आणि ते हाताने, अंदाजाने, पुन्हापुन्हा करून पाहावं लागत होतं.

या गोष्टीत दोन प्रश्न आहेत. सुरुवात कुठून धरायची, हा पहिला. घड्याळ कुणाचं मानायचं, हा दुसरा. फिती गेल्या, संगणक आले, तरी मिक्सिंगला येणाऱ्या फायलींमध्ये हेच दोन प्रश्न सगळ्यांत जास्त त्रास देतात.

सर्वांचा शून्य एकच

समजा, आपल्या गीतात बासरी दुसऱ्या कडव्यानंतर, म्हणजे २ मिनिटं १० सेकंदांनी येते. बासरीची फाइल तयार करताना साहजिकच वाटतं की रिकामा भाग कशाला ठेवायचा? तो कापून टाकला की फाइल लहान होते. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट कापली जाते. बासरी कधी सुरू होते ही माहिती त्या रिकाम्या भागातच होती! मिक्सिंग करणाऱ्याला ती फाइल मिळाली की तो ती कुठे ठेवणार? कानाने अंदाज घेत बसेल. एखादी मात्रा पुढेमागे झाली तर लक्षात येईल, पण सेकंदाचा विसावा भाग सरकली तर चूक दिसणार नाही, फक्त गाणं कुठेतरी लंगडतंय असं वाटत राहील.

म्हणून नियम असा की प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्यापासून सुरू व्हावी आणि एकाच ठिकाणी संपावी, मग मध्ये कितीही शांतता असो. भूगोलात उंची मोजताना सगळे जण समुद्रसपाटीपासून मोजतात, तसंच हे. बारा फायली शून्यावर ओळीने ठेवल्या की गाणं आपोआप जुळतं. युरोपातल्या प्रसारण संस्थांच्या संघाने १९९७ मध्ये फाइलच्या आतच वेळेची नोंद ठेवणारा एक प्रकार ठरवून दिला आहे. पण ती नोंद सगळीच सॉफ्टवेअर वाचतात असं नाही. शांतता मात्र कुणालाही वाचता येते.

शेवट कापतानाही घाई नको. झांजेचा नाद पुरता विरेपर्यंत फाइल चालू राहू द्यावी. आणि मध्येच कुठे काप घेतला असेल तर तिथे आवाज क्षणभरात उतरवून पुन्हा चढवावा. लहर अर्ध्यातच तोडली की आलेखात अचानक उडी पडते आणि ती उडी आपल्याला ‘टक’ अशी ऐकू येते.

एकाच वाद्यासमोर दोन माइक असतील तर जास्त जपावं लागतं. ढोलकीच्या दोन्ही पुड्यांसमोर एकेक माइक ठेवला, तर प्रत्येक थाप दोन्ही फायलींत असते. यातली एक फाइल फक्त एक मिलिसेकंद सरकली तर काय होईल? सेकंदाला ५०० कंपनं असलेल्या स्वराची अर्धी लहर बरोबर एका मिलिसेकंदाची असते. म्हणजे एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येणार आणि बेरजेत तो स्वर जवळजवळ नाहीसा होणार. दोन्ही फायली वेगवेगळ्या ऐकल्या तर दोन्ही छान वाटतात, एकत्र वाजवल्या की ढोलकी पोकळ! लाटांच्या व्यतिकरणाचं याहून घरगुती उदाहरण आम्हाला माहीत नाही. तेव्हा अशा जोडीतली एकच फाइल कधी सरकवू नये.

घड्याळ कुणाचं?

संगणकात आवाज सलग रेघेच्या रूपात नसतो. ठरावीक काळाने दाब मोजून ते आकडे एकापुढे एक लिहिलेले असतात. सेकंदाला किती वेळा मोजायचं हा नमुन्यांचा दर. माणसाला फार तर २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि तो पकडायला त्याच्या दुपटीहून जास्त नमुने लागतात. म्हणून ४०,००० च्या थोडं वर कुठेतरी थांबायचं. पण १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने नेमका ४४,१०० हा विचित्र आकडा का निवडला? त्याचं कारण आवाजात नाही, चित्रफितीत आहे. इतके आकडे साठवू शकणारी सोयीची वस्तू तेव्हा व्हिडिओ टेप होती. चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन नमुने लिहायचे. अमेरिकी आणि जपानी पद्धतीत सेकंदाला ६० वेळा २४५ वापरण्याजोग्या ओळी मिळत, युरोपीय पद्धतीत ५० वेळा २९४. दोन्ही गुणाकार मुलांना करायला सांगा, उत्तर एकच येतं. चित्रपट आणि दूरदर्शनच्या कामात मात्र ४८,००० रुळला. सेकंदाला २४, २५ किंवा ३० चित्रं असली तरी या तिन्ही संख्यांनी ४८,००० ला निःशेष भाग जातो.

दोन्ही दर कामापुरते उत्तमच आहेत. अडचण येते ती सरमिसळीत. ४८,००० दराने मुद्रित केलेले आकडे ४४,१०० दराने वाजवले तर काय होईल? तीन मिनिटांचं गाणं ३ मिनिटं १६ सेकंद चालेल आणि ‘सा’ घसरून शुद्ध आणि कोमल निषादाच्या मध्ये कुठेतरी जाईल. बहुतेक सॉफ्टवेअर हा फरक ओळखून रूपांतर करतात, सगळी नाही. रूपांतर पुन्हापुन्हा न केलेलंच बरं. ज्या दराने मुद्रण सुरू केलं त्याच दराने सगळ्या फायली द्याव्यात आणि तो दर लिहून द्यावा.

दर सारखा असूनही घड्याळं वेगळी असू शकतात. पेटी एका फोनवर आणि मुलांचे आवाज दुसऱ्या फोनवर मुद्रित केले, तर दोन्ही फोन ‘४८,०००’ म्हणतात खरे, पण प्रत्येकाच्या आतला क्वार्ट्झचा स्फटिक आपापल्या वेगाने कंप पावत असतो. दोघांत दहा लाखांत २० भाग इतका फरक असला तर पाच मिनिटांत ६ मिलिसेकंद मागेपुढे होतं, तासाभरात ७२. गाण्यात हे चालून जाईल, शाळेच्या दोन तासांच्या नाटकात नाही. शक्य असेल तर सगळे माइक एकाच यंत्राला जोडावेत. नसेल तर सगळी यंत्रं सुरू केल्यावर एक खणखणीत टाळी वाजवावी आणि ती बंद करण्यापूर्वी आणखी एक. पहिल्या टाळीने सुरुवात जुळते, दुसरीने घड्याळांतला फरक कळतो. चित्रीकरणाच्या वेळी पाटीवरची लाकडी फळी आपटतात ती याचसाठी.

डोक्यावर जागा

‘आवाज पुरेसा मोठा आला पाहिजे’ म्हणून मुद्रणाच्या वेळी पातळी शेवटपर्यंत चढवायची सवय फितीच्या काळातली आहे. फितीला स्वतःची सळसळ असे आणि आवाज लहान ठेवला तर तो तिच्यात बुडे. संगणकातलं गणित वेगळं आहे. प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहिला तर ६५,५३६ पायऱ्या मिळतात, २४ बिटांत १,६७,७७,२१६. पातळी सहा डेसिबलने कमी केली की लहरीची उंची निम्मी होते, म्हणजे वापरात येणाऱ्या पायऱ्या निम्म्या होतात. २४ बिटांच्या फाइलमध्ये बारा डेसिबल खाली राहिलात तरी जवळजवळ ४२ लाख पायऱ्या हातात उरतात. घाबरण्यासारखं काहीच नाही.

वरच्या टोकाला मात्र दया नाही. सर्वांत मोठ्या आकड्याच्या पुढे लिहायला आकडाच नसतो. मुलगा जोरात गायला आणि लहर त्या रेषेच्या वर गेली, की वरचा भाग कापला जाऊन लहरीचं डोकं सपाट होतं. आवाज फाटतो. मग पातळी कितीही खाली आणा, सपाट डोकं सपाटच राहतं, फक्त लहान होतं. ३२ बिटांच्या एका प्रकारच्या फायलींत संगणकाच्या आत अशी काटछाट होत नाही, पण माइककडून येताना, विजेचे आकडे होण्याच्या पायरीवर जे कापलं गेलं ते गेलंच. म्हणून प्रत्येक फाइलमधला सगळ्यांत मोठा आवाजही कमाल पातळीच्या सहा डेसिबल तरी खाली असावा. बारा आवाजांची शेवटी बेरीज व्हायची आहे आणि बेरजेलाही डोक्यावर जागा लागते.

जे परत काढता येत नाही

घुमारा म्हणजे प्रतिध्वनी मिसळणं, पातळी दाबून एकसारखी करणं, सूर दुरुस्त करणं, मागची घरघर पुसणं ही कामं संगणकावर एका बटणात होतात आणि मोह होतोच. पण घुमारा आवाजात मुरला की तो परत निघत नाही. घरघर पुसताना ‘स’ आणि ‘श’ची धारही पुसली जाते. हे सगळं मिक्सिंग करणाऱ्यावर सोडावं. एखादा परिणाम गाण्याचाच भाग असेल, आपल्याला तो तसाच हवा असेल, तर दोन फायली द्याव्यात, एक परिणामासह आणि एक कोरी.

एमपी३ हा असाच एक न उलटणारा बदल. माणसाला बहुधा ऐकू येणार नाही असा भाग टाकून देऊन ही पद्धत फाइल लहान करते. पण ‘ऐकू येणार नाही’ हे तयार गाण्याबद्दल खरं असतं. मिक्सिंगमध्ये तोच दबलेला भाग वर उचलायची वेळ येते आणि तो तिथे नसतो. शिवाय एमपी३ करताना फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता आपोआप जोडली जाते, म्हणजे आपला काळजीपूर्वक जपलेला शून्यही हलतो. एमपी३ची पुन्हा वेव्ह फाइल केली तर आकार वाढतो, गेलेलं परत येत नाही. म्हणून मुळापासून वेव्ह फायलीच ठेवाव्यात. चार मिनिटांची, २४ बिट आणि ४८,००० दराची एका माइकची फाइल सुमारे ३५ मेगाबाइटची होते, बारा फायली मिळून ४१५ च्या आसपास. आजच्या पेनड्राइव्हला हे काहीच नाही. एका माइकची फाइल डावी-उजवी अशी दुहेरी करून मात्र देऊ नये. आकार दुप्पट होतो, माहिती तेवढीच राहते.

नावं आणि एक कागद

‘ऑडिओ १’, ‘ऑडिओ १ नवीन’, ‘फायनल’, ‘फायनल खरी’ अशा नावांच्या फायली आलेल्या पाहून मिक्सिंग करणाऱ्याचा पहिला तास कुठे जातो ते वेगळं सांगायला नको. नावात क्रमांक, वाद्य आणि गरज असेल तर बाजू एवढं पुरे: ०१ ढोलकी डावी, ०२ ढोलकी उजवी, ०३ खंजिरी, ०४ पेटी. आधी ताल, मग सुरांची वाद्यं, मग आवाज असा क्रम ठेवला तर बरं. एकआकडी क्रमांकापुढे शून्य लावायचं, कारण संगणक बऱ्याचदा नावं अक्षरशः लावतो आणि १ च्या पाठोपाठ १० येतो. काही जुनी सॉफ्टवेअर देवनागरी नावांचे चौकोन करून दाखवतात. तेवढ्यापुरती नावं रोमन लिपीत लिहिण्यात कमीपणा नाही. तीनदा गाऊन घेतलेला मुखडा असेल तर त्यातला कोणता घ्यायचा हे आपणच ठरवावं. तो निर्णय गाणं बसवणाऱ्याचा आहे, दुसऱ्यावर ढकलू नये.

सोबत एक कागद हवा. गीताचे शब्द, ताल, लय मिनिटाला किती मात्रांची, पट्टी कोणती, नमुन्यांचा दर, फायलींची यादी. आणि आपण स्वतः ढोबळमानाने केलेलं मिश्रण, कसंही असलं तरी. ‘दुसऱ्या कडव्यात मुलींचा आवाज पुढे हवा’ हे पानभर लिहून समजत नाही, एकदा ऐकवलं की समजतं. हे मिश्रण एमपी३ असलं तरी चालेल, ते फक्त दाखवण्यापुरतं आहे.

पाठवण्याआधी एक परीक्षा घ्यावी. जिथे गाणं मुद्रित केलं तो प्रकल्प बंद करून नवा, कोरा प्रकल्प उघडावा. पाठवायच्या फायली, फक्त त्याच, शून्यावर ओळीने ठेवाव्यात आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं. राहून गेलेली खंजिरी, उलटसुलट झालेली नावं, सरकलेली बासरी, सगळं इथे उघडं पडतं. मूळ प्रकल्पाची एक प्रत शाळेत, एक दुसरीकडे ठेवून मगच फायली पाठवाव्यात.

वर्गात करून पाहण्यासाठी

ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात कुणालाही ‘आ’ म्हणायला लावून तो मुद्रित करा आणि आलेख मोठा करत जा. शेवटी वेगवेगळे ठिपके दिसू लागतात, तेच नमुने. मग माइकची पातळी पूर्ण चढवून ओरडायला सांगा आणि सपाट झालेली डोकी दाखवा. आवाज लहान करून पुन्हा पाहा, डोकी तशीच असतील.

दुसरा प्रयोग मैदानावरचा आहे. दोन फोन शेजारी ठेवून दोन्हींवर मुद्रण सुरू करा आणि जवळच एक टाळी वाजवा. मुद्रण न थांबवता एक फोन मोजून २० मीटर लांब न्या. पहिल्या फोनपाशी दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर आपटा. लांबचा फोन परत शेजारी आणून शेवटची टाळी वाजवा. संगणकावर पहिल्या टाळीने दोन्ही फायली जुळवल्या की ठोकळ्यांचा आवाज दुसऱ्या फाइलमध्ये उशिरा आलेला दिसेल. हवा ३० अंश सेल्सिअसची असेल तर हा उशीर ५७ मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे ४८,००० दराने सुमारे पावणेतीन हजार नमुने इतका यायला हवा. त्यावरून ध्वनीचा वेग काढता येईल. शेवटची टाळी दोन्ही फायलींत किती पुढेमागे पडली तेही मोजा. तो दोन घड्याळांतला फरक, आणि फोनांची जोडी बदलली की तोही बदलतो.